मागचं जंगल

नाट्यगृहाच्या पाठीमागे देखाव्यांचं गोदाम होतं आणि गोदामाच्या मागच्या दाराशी पडदेकाकांची खुर्ची होती. खुर्ची म्हणजे कुठल्याशा जुन्या नाटकातलं सिंहासन. त्याचा एक पाय कधीच मोडला होता, तिथे काकांनी रंगाचा रिकामा डबा लावला होता. बसणाऱ्याला तोल सांभाळूनच बसावं लागे. काका म्हणत, "राज्य करायचं म्हणजे एवढं जमायला हवं."

काकांनी जन्मभर एकच काम केलं, पडदे रंगवण्याचं. राजवाडा रंगवला, रस्ता रंगवला, तुरुंग रंगवला, समुद्रकिनारा रंगवला. पण त्यांचं नाव झालं ते जंगलावर. नाव झालं म्हणजे कुठे छापून आलं असं नाही. जाहिरातीत नटांची नावं ठळक, लेखकाचं मध्यम, चहावाल्याचे आभार बारीक अक्षरात, आणि पडदे रंगवणाऱ्याचं नाव जागा उरली तर. जागा कधी उरली नाही. पण तिसऱ्या अंकाला दर्शनी पडदा सरकला, मागे काकांचं जंगल दिसलं, की अंधारातून एक श्वास यायचा. आहा. तेवढाच. काका विंगेत उभे राहून तो श्वास कानात साठवायचे आणि घरी जेवायला बसले की काकूंना सांगायचे, "आज आहा जरा लांब होता."

काकू नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम करायच्या. तोंडात टाचण्या असल्या तरी त्यांना बोलता यायचं. त्या म्हणायच्या, "तुमच्या झाडांना आहा मिळतो. मी तो राजाचा अंगरखा सात वेळा उसवून शिवला, त्याला कुणी हूं म्हणालं नाही."

त्या इमारतीत जंगल म्हणजे तो पडदा. "जंगल सोडा" म्हटलं की तो खाली यायचा, "जंगल घ्या" म्हटलं की वर जायचा. नवखा नट "जंगल कुठंय" असं विचारायला आला तर सुतार रंधा न थांबवता सांगायचा, "गुंडाळून कोपऱ्यात उभं केलंय."

सगळं सुखात चाललं होतं. मग काकूंची धाकटी बहीण नाटक बघायला आली.

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. प्रयोग संपल्यावर ताईला भेटायला म्हणून ती रंगमंचावर आली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिच्या नाकाला रंग लागला.

"भावोजी, हे मधलं झाड कुठलं?"

"झाड आहे ते."

"ते कळलं. पण कुठलं?"

"जंगलातलं."

"पानं एकाची दिसतायत, खोड दुसऱ्याचं. आणि हे वरून काय लोंबतंय?"

"वेल."

"वेलीला कशाचा तरी आधार लागतो. ही हवेतून निघालीय आणि हवेतच गेलीय."

"त्यांचं बोलणंही तसंच असतं," काकू म्हणाल्या.

मेव्हणी हसली. "रागावू नका भावोजी, चित्र सुंदर आहे. पण या जंगलात एक पक्षीसुद्धा घरटं बांधणार नाही."

काका रंगाचे डबे आवरायला लागले. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, तेही त्यांनी मुकाट्याने खाल्लं. काकूंनी ओळखलं की घाव खोल गेलाय.

दुसऱ्या दिवशी काका सिंहासनावर बसून मागच्या दारातून बाहेर बघत राहिले. गोदामामागे एक उतार होता, खाली ओढ्यापर्यंत गेलेला, आणि इमारत त्याच्या पोटात घुसवल्यासारखी. उताराचा वरचा भाग थेट दाराच्या अंगावर यायचा. इतकी वर्षं काकांनी ब्रश धुतलेलं पाणी तिथेच भिरकावलं होतं. सगळ्या उतारावर घाणेरीचं, त्या बाहेरून आलेल्या काटेरी झुडपाचं, रान माजलं होतं. खाली एक गवताची काडी नाही. दर पावसाळ्यात तिथली माती सुटून चिखल गोदामात यायचा. समुद्रकिनाऱ्याच्या पडद्याला खालून खरा चिखल लागला होता, आणि समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं होतं.

नाट्यगृहाला नुकतेच नवे मॅनेजर आले होते. सभ्य माणूस, पण हिशेबी. चिखल बघून ते म्हणाले, "मागचा उतार सपाट करून वर काँक्रीट टाकून घेऊ. गाड्याही लावता येतील."

एरवी काका "छान" म्हणाले असते. पण मनात मेव्हणीचा पक्षी बसला होता. संध्याकाळी ते तिच्या दारात हजर झाले.

"घाणेरीच्या आधी तिथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

मेव्हणीने त्यांना ओढ्यापलीकडे नेलं. तिथे पाण्याच्या टाकीभोवती कुंपण होतं आणि कुंपणामुळे आतला तुकडा जसाच्या तसा वाचला होता. "हे बघा. तुमच्या गोदामामागेही हेच असणार."

काकांनी पाहिलं. गुडघ्याएवढी झुडपं, राखाडी हिरवा रंग, मध्ये मध्ये सुकं गवत. त्यांचा चेहरा पडला.

"हे? याला कोण आहा म्हणेल?"

"कुणी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा नाही. बसा इथे जरा, गप्प."

काका बसले. गप्प बसणं त्यांना जड गेलं. पण थोड्या वेळाने त्या राखाडी हिरव्यात त्यांना आणखी हिरवे दिसायला लागले. एक तांबूस, एक निळसर, एक चांदीची पूड मिसळल्यासारखा. असे हिरवे त्यांच्या बादलीत कधी कालवले गेले नव्हते. मग एक तपकिरी मूठभर पक्षी झुडपातून निघाला, दोघांकडे नापसंतीने बघून परत आत गेला.

"हा बांधतो का घरटं?"

"बांधतो. पण त्याला माहीत असलेल्याच झुडपात."

काका मॅनेजरांपुढे जाऊन उभे राहिले. "दोन पावसाळे द्या. मी मागे झाडं लावतो, इथली, पूर्वीची. दुसऱ्या पावसाळ्यात गोदामाच्या आत चिखल आला, तर खुशाल काँक्रीट ओता. मी स्वतः त्यावर रस्ता रंगवून देईन."

मॅनेजरांनी विचार केला. काँक्रीटला तसाही वेळ होता. "आत आला तर," ते म्हणाले.

"आत आला तर," काका म्हणाले.

मग सुरू झाली ती तालीम. मेव्हणी दिग्दर्शक. घाणेरी एकदम उपटायची नाही, नाहीतर माती वाहून जाते. एक पट्टा मुळासकट काढायचा, तिथे टाकीजवळून रीतसर परवानगीने आणलेल्या बिया आणि काड्या लावायच्या, त्या धरल्या की पुढचा पट्टा. काकांना हे लगेच समजलं, पडदाही असाच पट्ट्यापट्ट्याने रंगवतात. समजली नाहीत ती नावं. मेव्हणी लॅटिन सांगायची आणि काकांच्या एका कानातून ते दुसऱ्या कानात पोचायच्या आधीच पडून जायचं. शेवटी त्यांनी आपल्या सोयीची नावं ठेवली. घाणेरी म्हणजे खलनायक. उंच सरळ गवत, जे नुसतं रांगेने उभं राहायचं, ते भालदार. पांढऱ्या फुलांचं झुडूप, जे ऊन उतरल्याशिवाय फुलायचं नाही, ती नायिका. "हिचा प्रवेश नेहमी उशिरा," काका म्हणायचे. जमिनीला चिकटून पसरणारं एक बारीक पानांचं रोप होतं, वरून दिसायचं नाही पण त्याच्या मुळांच्या जाळ्याने माती धरलेली असायची. त्याचं नाव प्रॉम्प्टर. आणि मधोमध लावलेलं एक झाड, जे पुढे मोठं होणार असं मेव्हणी शपथेवर सांगायची, तो राजा. राजा वर्ष उलटलं तरी काकांच्या गुडघ्याखाली होता.

"अजून बालकलाकार आहे," सुतार म्हणाला.

"भावोजी, प्रत्येकाला शास्त्रीय नाव आहे," मेव्हणी वैतागायची.

"असेल. पण रंगमंचावर खरं नाव कोण लावतं?"

"मी नाही म्हणणार हां तुमची ही नावं. माझे विद्यार्थी हसतील."

पहिल्या पावसाळ्यात चिखल उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मॅनेजर वाकून बघून गेले. "बरं," एवढंच म्हणाले. काकांनी ते "बरं" घरी नेऊन काकूंना ऐकवलं, पण त्यात ऐकण्यासारखं फार काही नव्हतं.

नंतरच्या वर्षात मात्र उतार भरू लागला. भालदारांच्या दोन रांगांच्या चार रांगा झाल्या. नट मंडळी तालमीच्या मध्ये चहा घेऊन तिथे बसू लागली. कुणी रुसलं की मागे जायचं, कुणाची समजूत काढायची तर मागे न्यायचं. "कुठे गेली ती?" "जंगलात." "कुठल्या?" "मागच्या." असं होता होता त्या उताराचं नावच पडलं, मागचं जंगल. काकांना यात काही धोका दिसला नाही. उलट बरं वाटलं.

दुसरा पावसाळा तोंडावर आला होता. नाट्यगृहात नवं नाटक यायचं होतं आणि त्यात जंगलाचा छापील देखावा होता, मशीनवर छापलेला, ज्यात प्रत्येक पान मोजता येईल असा. काकांचा पडदा उतरवायचं ठरलं. काका म्हणाले, "उतरू दे. त्याची आणि माझी दोघांची निवृत्ती एकदम." मॅनेजर बाहेरगावी होते. त्यांनी तिथून सफाईच्या नव्या मुकादमाला फोन केला आणि सांगितलं, "ते मागचं जंगल काढून टाका. जुनं झालंय. नवं लावायचंय."

मुकादम कामाला वाघ होता. नाट्यगृहात येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि रंगमंचावर तर तो चढलाच नव्हता. पण मागचं जंगल त्याला चांगलं माहीत होतं. कोयते, फावडी आणि माणसं घेऊन तो सकाळीच कामाला लागला.

काका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दाढ काढली होती. परत आले तेव्हा अर्धा जबडा बधिर, गालात कापूस. ते गोदामातून नेहमीसारखे मागच्या दाराशी आले.

उतार स्वच्छ होता. भालदार नाहीत, नायिका नाही. सगळं बुंध्यापासून छाटून वरची माती खरवडलेली. राजाच्या जागी बोटभर खुंट. आयुष्यभर काकांनी विंगेतून मोठमोठे आकांत ऐकले होते. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांच्या तोंडून फक्त "फे फाय फेलं" एवढंच निघालं.

मुकादमाला वाटलं कौतुक आहे. तो घाम पुसत म्हणाला, "काका, एक काडी ठेवली नाही बघा. साहेबांचा निरोप होता. नवं लावायचंय म्हणाले."

काका सिंहासनावर बसले. तोल सांभाळायचं विसरले, आणि सिंहासन कलंडलं. सुताराने धरलं म्हणून बरं.

संध्याकाळी मॅनेजर परत आले आणि मागच्या दारात येऊन थिजले. "अहो, मी पडद्याबद्दल बोललो होतो."

"पडद्याला जंगल कोण म्हणतं, साहेब?" मुकादम रडकुंडीला आला होता. "जंगल म्हणजे हे मागचं. सगळे हेच म्हणतात. कुणालाही विचारा."

काकांनी मान वर केली. जबड्याची चेतना परत येत होती आणि ठणकाही. त्यातच त्यांच्या चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूला हसू आलं. दुसऱ्या अर्ध्या बाजूला काय होतं ते काकूंनी पाहिलं आणि आपला पदर पुढे केला.

मॅनेजर खरोखर ओशाळले होते. ते खुर्ची ओढून काकांजवळ बसले. "काका, तुमचा पडदा मी दर्शनी दालनात लावतो. पूर्ण भिंतभर. वर दिवे, खाली पितळी पाटीवर तुमचं नाव. उद्याच दिव्यांचं सांगतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण हा उतार आता उघडा पडलाय. चिखल आत आला तर वरच्या मंडळींना मी काय सांगू? तेव्हा माझे हात बांधलेले असतील."

यात काही खोटं नव्हतं. काकांनी मान हलवली. नाव. पितळी पाटीवर. जागा उरली होती तर.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी आली. ती उतारावर गुडघे टेकून बसली, बोटांनी माती उकरली, इकडे गेली, तिकडे गेली. काका दाराशी उभे होते, निकालाची वाट बघत.

"प्रॉम्प्टर जिवंत आहे," ती म्हणाली.

काकांनी कान टवकारले. "कोण?"

"प्रॉम्प्टर हो. खाली जाळं शाबूत आहे. भालदारही फुटतील. राजाचं मूळ खोल गेलंय, तोही येईल." आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, पण तिने तोंड फिरवलं नाही. "प्रश्न मातीचा आहे. वर पांघरूण राहिलं नाही. दोन जोरदार सरी आल्या की हे सगळं मुळांसकट तुमच्या गोदामात येईल. झाकायला हवं. तागाचं, सुताचं, काहीतरी कुजणारं. प्लास्टिक नको. आणि अख्ख्या उताराएवढं हवं, तुकडे नकोत."

सुतार म्हणाला, पोती जोडू. मुकादम म्हणाला, बाजारातून मी आणतो. काकूंनी नजरेने उतार मोजला. मापाची पट्टी न लावता कमरेचा घेर सांगणारी बाई ती. "पोती जोडायला पंधरवडा जाईल," त्या म्हणाल्या, "आणि ढग बघा." मग त्यांनी उताराकडे पाहिलं, गोदामाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते गप्प बसल्या.

त्यांच्या मनातलं कापड कुठलं ते काकांना कळलं. थोड्या वेळाने मेव्हणीलाही कळलं.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या रंगात काय असतं?"

"खडूची पूड. गेरू. सरस. कापडही सुतीच."

"हिरव्यात?"

"नीळ आणि पिवळी माती. तयार हिरवा मला कधी आवडला नाही."

"म्हणजे मातीत जिरणारंच सगळं."

"मातीत जिरणारंच."

काका आत गेले. सुताराला म्हणाले, "एकदा जंगल सोड." आणि रंगमंचावरून उतरून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. इतकी वर्षं त्यांनी तो पडदा विंगेतून तिरपाच पाहिला होता. समोरून, प्रेक्षकासारखा, कधीच नाही. पडदा खाली आला. मधलं ते बिननावाचं झाड, दूरची धुक्यातली वाट, हवेतून हवेत गेलेली वेल. काकांना एकदम सगळ्या चुका दिसल्या, आणि हेही दिसलं की चित्र खरंच चांगलं होतं. दारात मुकादम उभा होता, आता हा पडदा उचलायचा का असं विचारायला आलेला. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या तोंडून श्वास निघाला. आहा.

काका हसले. "हाच तो, तू काढायला हवा होतास तो," ते म्हणाले. "आता काढ."

मॅनेजर धावत आले. "काका, अहो, दिवे सांगून झालेत. पाटीसुद्धा."

"पाटी येऊ द्या. मागच्या दारावर लावा. नाव नको. लिहा, हे जंगल आहे, काढू नका."

"पण तुमचं काम..."

"माझं काम मागे उभं राहायचं होतं, साहेब. आता आणखी जरा मागे."

पडदा बाहेर न्यायला सगळं नाट्यगृह लागलं. मुकादम सगळ्यांच्या पुढे, सगळ्यात जड टोक त्याच्या खांद्यावर. सुताराने जुन्या तुरुंगाचे गज तासून खुंट्या केल्या. उतारावर पोचल्यावर त्याने विचारलं, "काका, आकाश वर की खाली?"

"वर. झाडं उलटी दिसली तर मेव्हणी हसेल."

पडदा अंथरला, ताणला, खुंट्या ठोकल्या. मेव्हणी खालचे खुंट हाताने चाचपून जागा सांगायची आणि काकू तिथे कात्री घालायच्या. "जन्मभर फाटलेलं शिवलं," त्या म्हणाल्या, "आणि म्हातारपणी धडधाकट कापड फाडायला बसवलंत."

"इथे चीर दे, ताई. इथे नायिका आहे."

"आणि इथे?"

"तिथे नको. ती घाणेरी आहे. तिला कापडाखाली गुदमरू दे."

"खलनायकाला प्रवेश नाही," सुतार म्हणाला.

मधल्या बिननावाच्या झाडाच्या बुंध्याशी नेमकी राजाची जागा आली. काकांनी काकूंच्या हातातून कात्री घेतली आणि ती चीर स्वतः दिली.

पाऊस आला तेव्हा सगळे गोदामात होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण प्रत्येकाला काही ना काही काम निघालं होतं. सर वाढली, पत्र्यावर बोलणं ऐकू येईना. मग उंबऱ्याखालून पाण्याची एक जीभ आत आली. काका डब्याच्या पायावर तोल धरून बसले होते. ते उठलेच नाहीत. मॅनेजर बॅटरी घेऊन वाकले, बोट बुडवलं, बोटावर प्रकाश टाकला.

पाणी होतं. किंचित हिरवट. चिखलाचा कण नव्हता.

"बरं," मॅनेजर म्हणाले.

रात्री जेवताना काकांनी काकूंना सांगितलं, "आज बरं जरा लांब होतं."

पाऊस सरता सरता रंग पुसट झाला आणि चिरांमधून एकेक जण प्रवेश घेऊ लागला. रंगवलेल्या धुक्यातून खरे भालदार उभे राहिले. राजाने दोन पानं काढली. हा उतार आता तसाच राहणार, असं वरच्या मंडळींकडून लिहून आलं, आणि मॅनेजरांनी पाटी खरंच लावली. मुकादम रोज ती पुसतो.

एका सकाळी मेव्हणी आणि काका मागच्या दाराशी चहा घेत होते. सिंहासनावर पाहुणी म्हणून ती बसली होती. उतारावर तो मूठभर तपकिरी पक्षी उतरला, इकडे तिकडे पाहिलं आणि पडद्याची एक उसवलेली कड चोचीत धरून ओढायला लागला. ओढली, सोडली, पुन्हा ओढली. हातभर लांब धागा निघाला. तो घेऊन पक्षी नायिकेच्या झुडपाकडे उडाला.

काकांनी चहाचा घोट जरा मोठ्याने घेतला.

मेव्हणीने चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ बघत राहिली. "भावोजी," ती म्हणाली, "तो धागा तुमच्या वेलीतला आहे."

"मग?"

"हवेतून निघाली होती ना. हवेतच गेली."

आतून काकूंचा आवाज आला, तोंडात टाचण्या होत्या बहुतेक. "हळू बोला दोघं. बांधू द्या त्याला."